बेचाळीस लाडू आणि यमूचा एक

इंदूबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बोंबील राखत बसले होते. तारापूरच्या खाडीकाठची आमची मच्छीमारांची वस्ती. थंडीचे दिवस होते, दोऱ्यांवर बोंबील टांगलेले, वर कावळे, खाली मांजरं आणि मधे हातात काठी घेऊन मी, दहा वर्षांची. साठचं दशक नुकतंच लागलं होतं. अणुवीज केंद्र येणार, येणार असं मोठी माणसं बोलायची. बोईसर म्हणजे तेव्हा एक स्टेशन आणि चार दुकानं. पांढरं पातळ नेसलेल्या एक बाई चपला हातात धरून वाळूतून चालत आल्या. जवळ येताच त्यांनी कमरेचा रुमाल काढला, नाकापर्यंत नेला, माझ्याकडे पाहिलं आणि तसाच परत कमरेला खोचला. पुढचा अर्धा तास त्या त्या वासात उभ्या होत्या, रुमालाला पुन्हा हात लागला नाही.

"शाळेत जातेस का गं?" त्यांनी विचारलं.

"चवथी झाली," मी म्हटलं.

"पुढे शिकायचंय?"

मी एक कावळा हाकलला आणि सांगितलं, "आयेला इचारा."

बाईंनी आयेला विचारलं. पालघरहून केळवे-माहीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर आपल्या संस्थेची निवासी कन्याशाळा नवीच होती, बाई तिथल्या वसतिगृहाच्या प्रमुख. बागायतदारांच्या, व्यापाऱ्यांच्या, मास्तरांच्या मुली होत्या, केळव्याच्या होत्या, वैतरणेकडच्या होत्या. मच्छीमाराची एकही नव्हती, आणि ती असलीच पाहिजे असा बाईंचा हट्ट होता. फी माफ, पुस्तकं संस्थेची. अट एकच, मुलगी चौथी पास हवी. आय म्हणाली, "न्या. पन पोरगी परत माजीच राहिली पायजे." बाई हसल्या आणि म्हणाल्या, "तुमचीच राहील हो."

बाईंना येत्या महिन्यात पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी मी लिहावं, असं संपादक मंडळाचं पत्र आलं. पत्रात खाली एक खास सूचना होती: बेचाळीस लाडवांचा हृद्य प्रसंग आपणच लिहावा, कारण तो आपल्या मातोश्रींचा आहे. हृद्य! पत्र वाचून मी ते टेबलावर आपटलं, हे आधीच कबूल करते. संस्थेच्या प्रत्येक वर्धापनदिनाला कुणी ना कुणी ती गोष्ट सांगतं. मी याच शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, शेवटी मुख्याध्यापिका झाले, आणि दरवर्षी पहिल्या रांगेत बसून ती ऐकली. गोष्ट खोटी नाही. पण सांगतात ती अर्धीच. उरलेली अर्धी माझ्या धाकट्या बहिणीची, यमूची आहे, आणि तिच्या वाटणीची शाळा तीत बुडाली. आता मलाच सांगायला सांगितलं आहे, तर पुरी सांगते.

त्याआधी बाईंचं देणं मान्य करते. नाहीतर कुणी म्हणेल, हिने खाल्ल्या घरचे वासे मोजले.

पहिल्या आठवड्यात एका मुलीचे वडील तक्रार घेऊन आले. माहीमकडचे मोठे वाडीवाले, बोटांत अंगठ्या. आमच्या मुलीच्या शेजारी ती मच्छीमाराची पोर पंगतीला बसते, तिची जागा बदला, असं त्यांचं म्हणणं. बाई म्हणाल्या, "बदलते." संध्याकाळच्या जेवणाला त्यांनी स्वतःचं ताट उचललं आणि माझ्या उजव्या हाताला मांडलं. त्या दिवसापासून मी शाळा सोडेपर्यंत त्या तिथेच जेवल्या. त्या गृहस्थांची मुलगी माझ्या डाव्या हाताला होती, ती तिथेच राहिली आणि पुढे माझी जिवलग मैत्रीण झाली. बाईंनी यावर कधी भाषण केलं नाही, अंगठीवाल्यांना चकार शब्द बोलल्या नाहीत.

सातवीत मला हिवताप झाला. थंडी भरली की खाट खडखडायची. बाईंनी मला स्वतःच्या खोलीत नेलं, नऊ दिवस स्वतः जमिनीवर झोपल्या. तापात मी आमच्या भाषेत काहीबाही बडबडायचे, आयेला हाका मारायचे. बरी झाल्यावर बाईंनी विचारलं, "अगं, 'आय, मना ने' म्हणजे काय गं?" मी सांगितलं, आई, मला ने. बाई उठून खिडकीशी गेल्या आणि बराच वेळ पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. माझ्या 'हाय-नाय'ला वर्गात सगळ्या हसल्या, बाई कधीच हसल्या नाहीत. मी अशी बाईंची ऋणी आहे, आणि ऋणी माणसाला रागवायची मोठी पंचाईत असते.

आता लाडू.

महिन्याचा पहिला रविवार हा पालकांचा रविवार. आई-वडील यायचे, येताना खाऊ आणायचे. बाईंनी त्याला एक नियम घातला होता. वसतिगृहात माझं-तुझं नाही. खाऊ मुलीच्या हातात द्यायचा नाही. कोठीच्या खोलीला एक लहान खिडकी होती, तिच्यातून डबा झाकून आत द्यायचा. आत पाळीच्या मुली सगळ्या खाऊचे सारखे तुकडे करायच्या आणि दुपारी ताटलीत सगळ्यांना सारखे वाढायच्या. कुणाच्या घरून काय आलं हे बाहेर बोलायचं नाही. श्रीमंताच्या पोरीने मिरवू नये, गरिबाच्या पोरीने मान खाली घालू नये, म्हणून हा नियम. चांगला नियम होता. मी मुख्याध्यापिका झाल्यावर तोच चालवला. फक्त खिडकी बंद केली. का, ते पुढे येईल.

पहिल्या रविवारी आय आली. घरून पहाटे निघून बोईसरपर्यंत पायी, तिथून पॅसेंजर, पालघरला उतरून पुन्हा पायी. फडक्यात पाच लाडू. तांदळाच्या पिठाचे, गूळ-खोबऱ्याचे. एका पुडीत सुके बोंबीलही होते, ते बाईंनी हात जोडून परत केले. स्वयंपाकघर शाकाहारी होतं. मग लाडवांबद्दल समजावलं, "जानकीबाई, इथे जे येतं ते सगळ्यांचं असतं हं. एकटीला देता येत नाही."

आयेने फडकं खिडकीतून आत दिलं आणि तिथेच उभी राहिली. आत सुरी चालली, बाकीचे डबे अजून झाकलेलेच होते. पाच लाडवांचे बेचाळीस तुकडे करायचे म्हणजे काय होणार? चुरा झाला. पाळीच्या मुली तो चिमटीचिमटीने ताटल्यांत ठेवत होत्या, आणि आय खिडकीच्या चौकटीला धरून बघत होती. मी तिच्याजवळच होते. तिचा चेहरा असा झाला होता की भर पंगतीत कुणी तिचं पातळ ओढलं असतं तरी तसा झाला नसता.

हे समजायला आमची वस्ती माहीत पाहिजे. नारळी पौर्णिमेनंतर होडी पहिल्यांदा भरून आली की त्या मासळीचा वाटा वस्तीतल्या प्रत्येक घरी जातो. म्हातारीच्या घरी जातो, भांडण असलेल्या घरीही जातो. वाटा कमी पडला, कुणाच्या टोपलीत शेपटीच आली, तर त्या होडीवाल्याला वर्षभर तोंड दाखवायला जागा राहत नाही. बाई म्हणाल्या, इथलं सगळं सगळ्यांचं. त्यांच्या मनात होतं की असेल ते वाटून खाऊ. आय समजली की इथे वाटा घालायचा असतो, आणि आपला वाटा कमी पडला.

"किती पोरी हायत हितं?" तिने बाईंना विचारलं.

"बेचाळीस," बाई म्हणाल्या. कुणीतरी येऊन त्यांना हाक मारली आणि त्या गेल्या.

पुढच्या महिन्यात आय डोक्यावर टोपली घेऊन आली. टोपलीत बेचाळीस लाडू. पणतीच्या मापाने पीठ घेऊन वळलेले, सगळे एकसारखे, एकही मोठा नाही की लहान नाही. त्या दिवशी नेमके संस्थेचे विश्वस्त आणि देणगी देणारे दोन पाहुणे आले होते. पाळीच्या मुली धावत बाईंना सांगायला गेल्या. बाई कोठीत आल्या, टोपली बघितली, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पाहिलं आहे, खोटं कशाला बोलू? मग बाहेर येऊन त्यांनी आयेचा हात धरला, तिला सभागृहात पाहुण्यांसमोर नेलं आणि स्वतःचाच नियम मोडून सगळ्यांना सांगितलं, "ही माउली कोळीवाड्यातून पायी आली आहे. हिने फक्त आपल्या मुलीसाठी आणलं नाही, तुम्हा बेचाळीस जणींसाठी आणलं आहे. समता म्हणजे काय ते हिच्याकडून शिका." टाळ्या वाजल्या. आयेला वाटलं, वाटा पुरा आणला की सगळ्यांसाठीच अशा टाळ्या वाजवत असतील. ती लाजली, पदर तोंडाला लावला आणि माझ्याकडे बघून हसली.

गोष्ट इथे संपते. म्हणजे वर्धापनदिनाला सांगतात ती.

अहो, पण महिना संपला की पुढचा रविवार येतोच! वसतिगृहात खाटाच बेचाळीस, म्हणून पुन्हा बेचाळीस. त्याच्या पुढच्या महिन्याला पुन्हा. पाचवीपासून मॅट्रिकपर्यंत, सुट्टीचे महिने सोडले तर एकही रविवार चुकला नाही. बाकीच्यांचे पालक काय आणायचे? कुणी केळ्यांचा घड, कुणी चुरमुऱ्यांची पिशवी. तारापूरचं बांधकाम सुरू झाल्यावर इंजिनीअर लोकांच्या मुली आल्या, त्यांचे वडील जीपमधून यायचे आणि बिस्किटांचा एक पुडा द्यायचे. एक! त्याचे तुकडे व्हायचे आणि कुणाच्याच कपाळाला आठी पडायची नाही. पण सगळं झाकून खिडकीतून आत जायचं. आयेला बिचारीला कसं दिसणार दुसऱ्यांनी काय आणलं? ती आपली टोपली द्यायची, माझ्या तोंडावरून हात फिरवायची आणि गाडी चुकेल म्हणून निघायची.

घरी काय चाललं होतं ते मला सुट्टीत कळायचं. ते रेशनचे दिवस, गूळ मिळायची मारामार. नारळासाठी आय चिंचणीच्या वाड्यांत कामाला जायला लागली, झाडांना पाणी घाल, झावळ्या ओढ, पडेल ते. सुकी मासळी देऊन गूळ घ्यायची. पावसाळ्यात होड्या बंद, देवाणघेवाणीला मासळी नाही, तेव्हा तर तिचे हाल कुत्रा खात नव्हता. तांदूळ धुवायचे, वाळवायचे, जात्यावर दळायचे, पीठ भाजायचं, नारळ खवायचे. महिन्यातले चार-पाच दिवस त्यातच जायचे. आय वाडीत गेली की बोंबील राखत बसायला घरी कोण? यमू. खोबरं खवायला कोण? यमू. लाडू वळायला कोण? तिचे हात लहान, तिचे लाडू छान गोल व्हायचे, म्हणून तीच.

यमू माझ्याहून चार वर्षांनी धाकटी. मी वसतिगृहात गेले तेव्हा ती वस्तीजवळच्या शाळेत पहिलीत जायला लागली होती. महिन्यातले चार दिवस बुडायला लागले, मग आठ, मग पावसाळाभर. तिसरीत मास्तरांनी पटावरून तिचं नाव काढलं. आणि लाडू? पहिल्याच मोठ्या सुट्टीत मी तिला विचारलं होतं, "तुला देते का गं आय एखादा?"

"कशी देल?" ती म्हणाली. "बेचाळीसच व्हतात. येक खाल्ला तर येका पोरीला कमी परंल. मी परातीला लागलेला चुरा खातंय."

सात वर्षांची पोर हे बोलत होती, कुरकुर न करता, शहाणपणानं.

यमू दहा वर्षांची झाली त्या साली बाई पुन्हा आमच्या वस्तीत आल्या, नव्या मुली शोधायला. आयेने यमूचे केस विंचरून, तेल लावून, धुतलेला परकर नेसवून तिला पुढे उभं केलं. बाईंनी तिला जवळ घेतलं, हातावर हात फिरवला. हाताला खोबऱ्याचा वास येत होता. मग विचारलं, "चौथी झाली ना?" झाली नव्हती. बाई हळहळल्या. "जानकीबाई, अट माझ्या हातातली नाही हो. तुम्ही हिची शाळा का बुडवलीत?" असं त्यांनी आयेला विचारलं. बाईंनी! आय काय बोलणार? ती म्हणाली, "चुकी झाली." आणि पुढच्या रविवारी बेचाळीस लाडू घेऊन आली. यमूच वळलेले.

वर्षं गेली. मी मॅट्रिक झाले, कॉलेज केलं, बी.एड. झाले, बाईंनीच मला याच शाळेत नोकरी दिली. पहिल्या वर्षी आय एका पालकांच्या रविवारी मला भेटायला आली, रिकाम्या हाती, आता तिची मुलगी तिथे शिकत नव्हती म्हणून. मी कोठीत डबे उतरवून घेत होते. आय माझ्यामागून आत आली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्या खिडकीच्या आतल्या बाजूला उभी होती. डबे उघडत गेले. सहा केळी. मूठभर शेंगदाणे. चार चिक्क्या.

"बाकीच्या बायका येवढंच आनतात?" तिने विचारलं.

मी मान डोलावली.

"त्या येळेला पन?"

"त्या येळेला पन, आये."

ती एका गोणीवर टेकली. म्हणाली, "मंग माज्या यमूचा वाटा कोनी खाल्ला?" ती उठली, पदर खोचला आणि गेली. त्यानंतर आय संस्थेच्या फाटकातून कधी आत आली नाही. वर्धापनदिनाला तिचा सत्कार ठरवला होता, तेव्हाही आली नाही. तब्येत बरी नाही असं मी व्यासपीठावरून सांगितलं. तब्येत ठणठणीत होती. आता आय नाही. मुख्याध्यापिका झाल्यावर पहिलं काम मी केलं ते ती खिडकी विटा लावून बुजवण्याचं. का म्हणून बाईंनी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

हा लेख छापायला देण्याआधी बाईंना वाचून दाखवावा असं ठरवलं. पाठीमागे बोलणं हा आमच्या वस्तीचा स्वभाव नाही, आम्ही तोंडावर भांडतो. बाई आता संस्थेच्या आवारातल्याच छोट्या घरात राहतात. डोळे अधू झालेत, पण ताठ बसतात. इथपर्यंतचा मजकूर मी वाचला. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही.

मग म्हणाल्या, "मला कळलं होतं, हिरा. त्या दुसऱ्या रविवारीच कळलं होतं. टोपली बघितली आणि लक्षात आलं की जानकीबाईंचा काहीतरी घोटाळा झालाय. पाहुणे गेले की सांगेन असं ठरवलं. ते राहिलं. पुढच्या महिन्यात सांगेन म्हटलं, तर तेवढ्यात पाहुण्यांनी ती गोष्ट चार ठिकाणी सांगितली होती. देणगी आली. मग मीच सांगायला लागले. दर वेळी जास्त अवघड होत गेलं."

"एक वाक्य होतं, बाई," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "एवढं आणू नका. बस! एवढंच बोलायचं होतं. तुम्ही अंगठीवाल्याला न बोलता गप्प केलंत, आणि माझ्या आयेला एवढं बोलायला तुमची जीभ उचलली नाही?"

"नाही उचलली," बाई म्हणाल्या. मग त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं आणि शांतपणे विचारलं, "आणि तुझी, हिरा? तुझीही कोठीत पाळी यायची. सगळे डबे तू बघत होतीस."

घ्या! इतकी वर्षं मी हा प्रश्न टाळत आले, आणि तो बाईंनीच विचारावा.

बघत होते. अकराव्या वर्षापासून बघत होते. पहिल्याच पाळीला मला कळलं होतं. पण महिन्याचे बाकी सगळे दिवस मी मासळीवाल्याची पोर असायचे, माझ्या पेटीजवळून जाताना काही मुली नाक धरायच्या. आणि त्या एका दुपारी ताटलीत अख्खा लाडू पडला की सगळ्या म्हणायच्या, हिराच्या आईचा. नियम होता नाव न घेण्याचा, पण बाईंनीच तो माझ्यासाठी मोडला होता, आणि मला तो मोडलेला आवडायचा. आय यायची तेव्हा मुली तिच्याभोवती गोळा व्हायच्या. मी एक वाक्य बोलले असते तर ते सगळं गेलं असतं. यमू परातीचा चुरा खाते हे माहीत झाल्यावरही मी बोलले नाही. पुढच्या रविवारी लाडू खाल्ला आणि ताटली चाटून पुसली. ही लाज मी कुणाला सांगितली नव्हती. आज सांगते, कारण बाईंवर राग काढून मी मोकळी होईन असं मला वाटलं होतं, आणि तसं झालं नाही.

बाईंना मी विचारलं, हा लेख छापू का? त्या म्हणाल्या, "छाप. एक शब्द गाळू नकोस. माझ्या भाषणात ही गोष्ट पुरी कधी येणार नव्हती." मला वाटतं, गेल्या चाळीस वर्षांत त्यांनी केलेलं हे सगळ्यांत धाडसाचं काम असावं. त्यासाठी मी त्यांना मनापासून नमस्कार केला. माफ केलं, असं मात्र म्हणू शकत नाही. ते करणं माझ्याकडे नाहीच. मी त्यातली निम्मी भागीदार आहे. ज्याच्याकडे आहे त्या माणसाकडे मी गेले.

यमू आमच्या जुन्या वस्तीतच राहते. आजही बोटाने अक्षर लावत वाचते. सोहळा समितीचे दोघे जण माझ्याआधीच तिच्याकडे जाऊन आले होते. त्यांची कल्पना अशी की सत्काराच्या दिवशी, त्या प्रसंगाची आठवण म्हणून, वसतिगृहातल्या बेचाळीस मुलींना बाईंच्या हस्ते बेचाळीस लाडू वाटायचे. आणि ते यमूनेच करून द्यावेत, म्हणजे घरची चव येईल. हे ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "तू सरळ नाही म्हण. मी बघते त्यांच्याकडे."

यमू मासळी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "नाय कशाला? करतंय. माजी सवय हाय." मग टोपली बाजूला सारून तिने माझ्याकडे पाहिलं. "पन त्यांना सांग, या टायमाला तेचाळीस व्हतील. आनि पयला मी खाईन. बाईंच्या समोर बसून खाईन."

तेव्हा या सोहळ्याला येणाऱ्या सर्वांना, बाईंच्या सगळ्या विद्यार्थिनींना आणि विश्वस्तांना ही माझी विनंती. बाईंना उदंड आयुष्य लाभो, पाय चालते राहोत, नजर आहे तेवढी टिकून राहो, आणि शंभरीच्या सोहळ्यालाही मी भांडायला त्यांच्यासमोर असो. हे मी मनापासून मागते, कारण माझ्यापाशी जे काही आहे ते बाईंनी दिलेलं आहे, आणि यमूपाशी जे नाही त्यात आम्हा दोघींचाही हात आहे. पण त्या दिवशी टोपलीवरचं फडकं निघालं की कुणी लगेच टाळ्या वाजवायच्या नाहीत. बाई, तुम्हीही त्यांना वाजवू देऊ नका. आधी यमूचा लाडू खाऊन होऊ द्या. ती सावकाश खाईल.